कोझी ल्होटाची ब्लाझेना

आमच्या कोझी ल्होटातली शाळा बंद, चर्चला कुलूप, बस तिच्या लहरीनं येते. चालू आहे ती फक्त ब्लाझेनाची खानावळ. तिच्या गुलाशावर अन् शिव्यांवर गाव जगतं. जास्त बडबडलं की ती गुलाशातल्या मांसाऐवजी नुसता रस्सा वाढते. सरपंचाला तर वर्षभर रस्साच.

ल्होटा नावाची गावं आमच्या देशात खंडीभर. शेजारच्या स्लोव्हाकियात तीच लेहोटा, पोलंडात लिगोटा. उन्हाळ्यात या सगळ्या गावांची माणसं एका ल्होटात जमतात, बिअर ढोसतात, रस्सीखेच खेळतात. तिथंच लेहोटाचा एर्विन, मधमाशा पाळणारा विधुर, तिच्या मागं लागला. दर वर्षी विचारायचा, "ब्लाझेनाबाई, येता का आमच्याकडं राहायला?"

"अन् या ऐदी लोकांना कोण गिळायला घालील? तुमच्या माशा?"

यंदा त्यानं विचारलं आणि ती चक्क लाजली! म्हणजे आमची खानावळ बंद!

"कर की काहीतरी!" सरपंच मला ढोसायला लागला.

मी एर्विनला गाठलं. "घोरते हो ती. ट्रॅक्टर परवडला."

"मला एका कानानं ऐकूच येत नाही," तो खुशीत म्हणाला. घ्या!

तेवढ्यात मंचावर यजमान गावच्या सरपंचानं पुराण लावलं. ल्होटा म्हणजे सूट. पूर्वी जंगल तोडून वस्ती करणाऱ्याला काही वर्षं कर माफ, वेठ माफ. धन्य ते शूर पूर्वज!

"कसले शूर? फुकटे मेले!" ब्लाझेना ओरडली. मांडव खदाखदा हसला. मग ती आमच्याकडं वळली. "वेठ माफ म्हणे! मला कधी केलीत रे माफ? नवऱ्याला पुरून आले, तर तुम्ही दारात उभे. 'गुलाश आहे का?'"

खरंच उभे होतो. मान वर करायची सोय राहिली नाही.

"पण ब्लाझेना, आम्ही खायचं काय?" आमचा सरपंच पुटपुटला. मेल्याला तेवढंच सुचलं.

तिनं कमरेची खानावळीची किल्ली सोडून त्याच्यापुढं आपटली आणि एर्विनच्या गावच्या बसकडं निघाली. त्यानं तिची पिशवी घेतली.

"घरी मीच रांधतो," तो म्हणाला. "तुम्हाला काय आवडतं?"

ब्लाझेना थबकली. "आठवत नाही हो," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज इतका बारीक ऐकला.

तिनं आमच्याकडं बघितलं. आम्ही एकमेकांकडं. इतकी वर्षं तिच्या हातचं खाल्लं, पण तिला काय आवडतं ते सांगता कुणालाच येईना.