मालकाला हजर करा

शांताबाई उबाळेंचा राग पंतनगरात सगळ्यांच्या ओळखीचा होता. नळाला पाणी कमी आलं की तो यायचा, जिन्यात कुणी चपला पसरल्या की यायचा, आणि विहारात ग्रंथ वाचताना कुणाचा मोबाइल वाजला तर असा यायचा की मोबाइलवाला पुढचे चार दिवस तोंड दाखवायचा नाही. पण यंदा आषाढ पौर्णिमेच्या आठ दिवस आधी जो आला तो वेगळाच होता. तो चढला तो उतरेचना.

तीस वर्षं त्यांनी पालिकेच्या दवाखान्यात आयाचं काम केलं होतं. शाळा चौथीपर्यंत, तीही बीडकडच्या खेड्यात, अर्धी वर्गात आणि अर्धी खुरपणीत. वाचायला खऱ्या अर्थाने शिकल्या त्या दवाखान्यात, बाटल्यांवरची आणि केसपेपरवरची नावं लावत लावत. नवरा भाऊराव विहारात वर्षावासाचा ग्रंथ वाचायचे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने रोज संध्याकाळी सातला मेणबत्ती लागायची, पांढऱ्या साड्यांची रांग बसायची आणि भाऊराव बुद्धांच्या आयुष्याची गोष्ट मोठ्याने वाचायचे. ते गेले तेव्हा समितीने नवा वाचक कोण यावर बैठक बोलावली. शांताबाई बैठकीतून उठल्या, पाटावर जाऊन बसल्या आणि जिथे खूण घातली होती तिथून वाचायला लागल्या. बैठक तिथेच संपली.

मग डोळ्यांनी दगा दिला. काचबिंदू. छापील अक्षर दिसेना, मोबाइलवर वाचायला गेलं तर त्या उजेडाने दहा मिनिटांत डोळ्यांतून पाण्याच्या धारा. ग्रंथाच्या मोठ्या अक्षरातल्या झेरॉक्स काढून पाहिल्या, तर एका पानाची चार पानं झाली आणि पंखा लावला की पानं उडून भगवान बुद्ध जन्माला येण्याआधीच गृहत्याग व्हायला लागला.

तेव्हा समितीचे अध्यक्ष राजारामभाऊ धावून आले. माणूस भला. त्यांनी वडिलांच्या स्मरणार्थ विहाराला एक ई-रीडर दान दिला. करड्या पाटीसारखा, डोळ्यांवर उजेड न मारणारा. त्यात अक्षर बोटभर मोठं करता यायचं आणि सोबतच्या पेनाने समासात लिहिताही यायचं. आता विहारात दान करायचं ते गेलेल्या माणसाच्या नावाने, ही तिथली रीत. पंख्याच्या पात्यांवर, पाण्याच्या टाकीवर, सतरंजीच्या कोपऱ्यावरसुद्धा कुणा ना कुणा कालकथिताचं नाव असतंच. खोकं उघडल्यावर यंत्राने विचारलं, मालकाचं नाव काय? राजारामभाऊंनी क्षणाचाही विचार न करता वडिलांचं नाव घातलं, काशीराम. जन्मतारीखही खरी घातली. दान ज्यांच्या नावाचं, मालक तेच. मोबाइल नंबर मात्र स्वतःचा दिला, कारण वडील जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

पाच वर्षं हे मजेत चाललं. पाच वर्षांत शांताबाईंनी त्या समासात काय काय लिहून ठेवलं होतं! 'इथे थांब, पाणी पी.' 'इथे पोरं चुळबुळतात, आवाज चढव.' नदीच्या पाण्यावरून दोन कुळं भांडतात त्या पानावर तर त्यांनी आपल्या जुन्या चाळीतलं नळावरचं अख्खं भांडण नावानिशी लिहिलं होतं, आणि दरवर्षी तिथे आल्यावर त्या ते सांगायच्या. कुठे ग्रंथाशी वादही घातला होता. चौथी शिकलेल्या बाईने आयुष्यात सह्यांपलीकडे जे काही लिहिलं ते एवढंच, आणि ते सगळं त्या पाटीत होतं.

आणि यंदा वाचनाची तयारी करायला त्यांनी पाटी उघडली, तर पडद्यावर चौकट आली: मालकाची पडताळणी आवश्यक आहे. कृपया चेहरा कॅमेऱ्यासमोर धरा.

मूळ कंपनी विकली गेली होती, आणि नव्या मालकांना जुन्या सगळ्या मालकांची तोंडं बघायची होती. राजारामभाऊंनी आपलं तोंड दाखवून पाहिलं. यंत्राने नाकारलं. मग त्यांनी प्रामाणिक माणसाने करायचं ते केलं. वडिलांचा मृत्यूचा दाखला स्कॅन करून कंपनीला पाठवला. तीन दिवसांनी उत्तर आलं. खातेदाराच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी हे खातं उघडलेलं दिसतं, सबब हा ओळखीचा गैरवापर समजून खातं कायमचं बंद करण्यात येत आहे. तक्रार असल्यास मूळ मालकाने स्वतः व्हिडिओ कॉलवर हजर राहावे.

शांताबाईंची सून प्रियंका हे उत्तर वाचून दाखवत होती. अंधेरीला एका सॉफ्टवेअर कंपनीत ती टेस्टिंगचं काम करायची, मेट्रोने जाऊन-येऊन. सासू-सुनेचं चहातल्या आल्यापासून खिडकीच्या कडीपर्यंत कशावरही पटत नसे.

"पुन्हा वाच शेवटचं," शांताबाई म्हणाल्या.

"मूळ मालकाने स्वतः हजर राहावे."

"काशीराम दादांनी? सात वर्षं झाली माणसाला जाऊन! उकरून आणू का त्यांना? खुर्चीवर बसवू का?"

"आई, ते मशीन उत्तर देतं. माणूस नसतो तिकडे."

"मग माणूस ठेवा म्हणावं! वस्तू आमची, विहार आमचा, अक्षर माझं, आणि कुलूप यांचं? दवाखान्यात सुद्धा मयताच्या सामानाची पिशवी नातेवाइकाच्या हातात देतात. सही घेतात आणि देतात. तिथे कुणी म्हणत नाही की मयताला खाली बोलवा."

हे सांगताना त्यांनी हातातला पेला असा आपटला की शेजारची बाई डोकावून गेली. आणि राग खोटा नव्हता. त्या तीस वर्षं दुसऱ्यांची घाण काढत आल्या होत्या, त्यांना फुकटात कुणी काही दिलं नव्हतं, आणि जे स्वतःच्या हाताने लिहिलं तेही आता कुणी न पाहिलेल्या माणसाच्या परवानगीवाचून वाचता येत नव्हतं.

प्रियंका दोन दिवस ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत इंटरनेटवर शोधत बसली. शुक्रवारी घरी आली ती सांगतच आली, "आई, रूट करता येईल."

"म्हणजे काय करायचं?"

"आत्ता आपण त्यात पाहुणे आहोत. कंपनी बस म्हणाली की बसायचं, ऊठ म्हणाली की उठायचं. रूट केलं की घराची किल्ली आपल्याकडे येते, अगदी मुळापासून सगळा हक्क. मग कुणाच्या बापाला विचारायला नको."

"राजारामच्या बापाला पण?"

"त्यांना तर नकोच."

शांताबाईंना हसू येणार होतं, पण त्यांनी ते दाबलं. रागाच्या दिवसांत त्या हसत नसत.

"पण रस्ते दोन आहेत," प्रियंका पुढे म्हणाली. "एक सरळ. लॅपटॉपला जोडायचं, कुलूप उघडायचं. बहुतेक होतंच. पण कुलूप उघडलं की आतलं सगळं पुसलं जातं. ग्रंथ मी परत टाकून देईन. तुमचं लिहिलेलं जाईल."

"आणि दुसरा?"

"जुन्या सॉफ्टवेअरमध्ये एक भोक राहिलंय, त्यातून आत शिरायचं. जमलं तर लिहिलेलं सगळं वाचतं. नाही जमलं तर यंत्र कायमचं मेलं. वीट होते त्याची."

"किती जणांची वीट झाली?"

"तिथे लिहिणाऱ्यांतल्या निम्म्यांची."

"मग भोकातूनच जा," शांताबाई म्हणाल्या. "माझं अक्षर पुसायचं नाही. वीट तर वीट. विहाराच्या भिंतीत बसवू. आणि तिच्यावर त्या कंपनीचं नाव घालू, कालकथित म्हणून."

राजारामभाऊंच्या कानावर हे गेलं तसे ते संध्याकाळी घरी आले. "शांताताई, जय भीम. दानाची वस्तू आहे. असं कुलूप तोडणं कायद्यात बसतं का? उद्या विहाराचं नाव खराब व्हायचं."

"कंपनीने तुमच्या वडिलांना लफंगा ठरवलं, राजारामभाऊ. मेल्यावर खातं उघडलं म्हणून. आणि तुम्ही मला कायदा विचारता?"

राजारामभाऊंनी चहाचा कप खाली ठेवला. त्या पत्राचा तसा अर्थ होतो हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. "करा काय करायचं ते," ते उठत म्हणाले. "पण रविवारी पौर्णिमा आहे. मी एक स्पीकर आणलाय. ग्रंथाचं रेकॉर्डिंग मिळतं, चांगल्या आवाजात. सकाळी लावून बघतोय. या तुम्ही."

शनिवारी सकाळी शांताबाई गेल्या. स्पीकर बुद्धमूर्तीच्या उजव्या हाताला ठेवला होता. आवाज खरोखर चांगला होता, स्वच्छ, गोळीबंद, कुठे अडखळत नव्हता. दहा-बारा बाया जमल्या होत्या. पाच मिनिटांत एकीने मेथी निवडायला काढली. दुसरीने फोन कानाला लावून लेकीशी गप्पा सुरू केल्या. एक भिंतीला टेकून घोरत होती. आणि कुणी कुणाला काही बोलत नव्हतं, कारण स्पीकरला कोण घाबरणार! आवाज आपला पुढे पुढे चालला होता, ऐकायला कुणी आहे की नाही याची त्याला फिकीर नव्हती. शांताबाईंच्या अंगाची लाही लाही झाली. त्यांनी पुढे होऊन स्पीकरची वायर खेचली, मेथीवालीला चार शब्द सुनावले आणि तरातरा घरी आल्या.

"पुस," त्या प्रियंकाला म्हणाल्या.

"काय?"

"सरळ रस्त्याने जा. सगळं पुस."

"आई, पाच वर्षांचं आहे. मी भोकातून प्रयत्न करते ना. मी सगळं नीट वाचलंय, जमेल कदाचित."

"कदाचित नको मला. वीट झाली तर उद्या तो डबा बसेल तिथे आणि तीन महिने भाजी निवडतील सगळ्या. मी माझं अक्षर कवटाळून बसू आणि ग्रंथ डब्याच्या हवाली करू? पुस म्हणते ना!"

प्रियंकाने लॅपटॉप काढला, वायर जोडली. दुपारचं ऊन खिडकीतून यंत्रावर पडलं होतं. अर्धा तास ती काहीतरी टाइप करत होती, मध्येच थांबून चुकलेलं पुन्हा वाचत होती. मग करड्या पडद्यावर प्रश्न आला. सगळी माहिती कायमची पुसली जाईल. पुढे जायचं?

"मला नाही दाबवत," प्रियंका म्हणाली. "तुम्हीच दाबा."

शांताबाईंनी बटण दाबलं. बोट ठेवलं ते पडदा पांढरा होईपर्यंत काढलंच नाही. मग उठून मोरीत गेल्या आणि भांडी घासायला बसल्या. घासलेलीच भांडी होती ती. कंपनीला, कंपनीच्या मशीनला, ते बनवणाऱ्याला आणि ते विकत घेणाऱ्याला त्या नळाखाली बसून एकेक शिवी देत होत्या, आणि मध्येच रडत होत्या. प्रियंकाने बाहेर बसून सगळं ऐकलं. तिने ग्रंथ यंत्रात घातला, अक्षर बोटभर मोठं केलं, आणि सासू बाहेर येईपर्यंत चहा केला, आलं घालून.

रविवारी सातला विहार भरला. मेणबत्त्या लागल्या, त्रिशरण-पंचशील झालं. शांताबाई पाटावर बसल्या आणि वाचायला लागल्या. अक्षर झकास दिसत होतं. पण समास कोरा होता, आणि तो कोरा समास त्यांच्या डोळ्यांत खुपत होता. पहिली काही पानं सवयीने गेली. मग सिद्धार्थाचा जन्म झाला. आई महामाया आजारी पडली, सातव्या दिवशी गेली, आणि जाताना तिने बाळ बहिणीच्या, गौतमीच्या हातात दिलं.

इथे काहीतरी होतं. इथे त्या दरवर्षी थांबायच्या आणि काहीतरी सांगायच्या. काय ते आठवेना. लिहून ठेवलंय म्हणून त्यांनी ते कधी डोक्यात ठेवलंच नव्हतं. त्या थांबल्या. विहार थांबला. राजारामभाऊंनी मान वर केली.

"इथे मी काहीतरी लिहिलं होतं," शांताबाई रागाने म्हणाल्या. राग स्वतःवरच होता. "पुसलं गेलं. मला आठवत नाही. तुमच्यापैकी कुणाला आठवतं का?"

वाचन चालू असताना तोंड उघडायचं नाही हे त्यांनीच इतकी वर्षं सगळ्यांना शिकवलं होतं. बाया एकमेकींकडे बघत राहिल्या.

मग मागच्या रांगेतून शकु बोलली. शकु घरोघर पोळ्या लाटायला जाते. दरवर्षी तीनही महिने येते, खांबाला टेकून बसते आणि वाचन संपलं की निघून जाते. तिचा आवाज कसा आहे हेही कित्येकींना माहीत नव्हतं.

"तुम्ही काय सांगायच्या ते मला नाही आठवत, बाई," ती म्हणाली. "पण एक विचारते. गौतमीने घेतलं का लगेच?"

"घेतलं असंच लिहिलंय."

"मी नव्हतं घेतलं." शकु खाली बघून बोलत होती. "माझी बहीण बाळंतपणात गेली. जाताना मला म्हणाली, घे याला. मी नको म्हटलं. तिच्या तोंडावर नको म्हटलं. तीन दिवस हात नाही लावला मी त्या पोराला. आता तो मला आई म्हणतो. त्याला नाही माहीत. आजपर्यंत कुणालाच नाही सांगितलं."

शांताबाईंनी पेन उचललं. पहिलं अक्षर वाकडं आलं, ते त्यांनी खोडून पुन्हा काढलं.

"हळू सांग गं," त्या खेकसल्या. "माझा हात नको का चालायला? बहिणीचं नाव काय होतं?"