कोरड्या नदीतल्या मेणबत्त्या

विझलेल्या मेणबत्तीचा वास आला की मला पांढुर्ण्यातली वैशाखाची ती संध्याकाळ आठवते. आदल्या पावसाळ्यात माझा मोठा भाऊ जाम नदीच्या पुरात वाहून गेला होता. देह सापडला नव्हता, म्हणून आई त्याचं मृत्यूनंतरचं पुण्यानुमोदन करू देत नव्हती. जेवताना रोज त्याचंही ताट वाढायची. त्या संध्याकाळी रेडिओवर बातमी लागली, की परक्या देशांच्या लढाईत एक जहाज बुडालं, कितीतरी खलाशी गेले, शोध थांबवला. आई दचकून त्या खलाशांच्या आयांबद्दल म्हणाली, "त्याइच्या माया आता का करतीन?" बाबा म्हणाले, "का करतीन, वाट पाहून राहिल्या असतीन." "पण शोध त थांबवला ना!" बुद्धपौर्णिमेसाठी आणलेल्या मेणबत्त्या उचलून ती उठली. "नदीचं पाणी समुद्राले जाते ना?" मी तिच्या मागं गेले. नदीत पाण्याचा थेंब नव्हता. तापलेल्या वाळूतच तिनं त्या परक्या पोरांसाठी मेणबत्त्या खोचल्या. वाऱ्यानं त्या भराभर विझल्या. हातात उरलेली शेवटची पेटवत ती म्हणाली, "हे आपल्या पोट्ट्याची." तीही विझली. घरी येऊन तिनं तीनच ताटं वाढली. चौथं कुठं ठेवलं, ते मी तिला शेवटपर्यंत विचारू शकले नाही.