डेस्मंडकाका मरायला तयार नाहीत

आमच्या नाटकाच्या ग्रुपमध्ये सांगण्यासारखं काही घडू नये म्हणून सतीशदादा फार काळजी घेतो. दादा आमचा डिरेक्टर. दिवसा आयटी मॅनेजर, त्यामुळे प्रत्येक तालमीचे मिनिट्स ईमेल करतो. तरी किस्से साठतातच. निम्मे डेस्मंडकाकांचे. उरलेल्या निम्म्यांत माझा हात आहे, असं दादा म्हणतो. पुरावा नाही!

*

काका आले ते मात्र माझ्यामुळेच. मी सिंगापूरच्या आंग मो किओ भागात राहायचो. एका शनिवारी कंटाळा आला म्हणून आमच्या बिल्डिंगखाली इंग्रजीत नोटीस चिकटवली. "मराठी नाटकासाठी ब्रिटिश नट हवा. लंडनच्या रंगभूमीचा अनुभव आवश्यक. मानधन: बटाटेवडा." खाली दादाच्या पुंगोलच्या फ्लॅटचा पत्ता.

पुढच्या शनिवारी तालीम चालू असताना बेल वाजली. दारात सहा फुटी गोरा म्हातारा, इस्त्रीचा शर्ट, काखेत फाइल.

"मी वड्यासाठी आलोय," तो म्हणाला.

(काका इंग्रजीत बोलायचे. मी सोयीसाठी मराठीत सांगतोय.)

दादाने माझ्याकडे बघितलं. "अरे, आपल्या नाटकात गोरा कुठाय?"

"आता आहे ना," मी म्हणालो.

*

फाइलमध्ये काकांच्या चाळीस वर्षांच्या करिअरचे फोटो होते. सगळ्यांत डोळे मिटलेले.

नेहावहिनी, म्हणजे दादाची बायको आणि आमची हिरॉइन, म्हणाली, "झोपेचे शौकीन दिसतात."

"ही प्रेतं आहेत, मॅडम. सगळी मीच."

टीव्हीवर डिटेक्टिव्ह सीरियल असली की पहिल्याच सीनमध्ये सापडणारं प्रेत हे. सिनेमातही तेच. रंगमंचावर इंटरव्हलच्या आधी खून. मग काम संपलं म्हणून घरी पाठवायचे. शेवटी सगळे नट रांगेत उभे राहून वाकतात, टाळ्या घेतात, ते काकांच्या नशिबी एकदाही आलं नव्हतं.

बरोबर त्यांची सिंगापूरची बायको आली होती, मेई आंटी. ती अभिमानाने म्हणाली, "ही डाय व्हेरी नाइस वन, लाह!" म्हणजे सिंगापुरी इंग्रजीत, हे फार छान मरतात.

काका म्हणाले, "मला एकदा शेवटपर्यंत जगायचंय. कुठल्याही भाषेत."

त्यावर कोणीच जोक मारला नाही. मीसुद्धा. जवळजवळ दहा सेकंद!

*

काकांना शेजाऱ्याचं काम दिलं. एकच वाक्य, मराठीत. "तुमच्या घरातून पाणी गळतंय!"

माणूस पेटला. एमआरटी मेट्रोत तेच, हॉकर सेंटरला कॉफीच्या रांगेत तेच. आठवड्याने उच्चार असा झाला की सदाशिव पेठेत खपून गेला असता.

काकाही माझ्याच बिल्डिंगमधले. तिथे नवव्या मजल्यावर एक जोशी फॅमिली राहायची. लिफ्टमध्ये काकांनी त्यांच्याकडे बघून सराव केला. गोरा माणूस, शुद्ध मराठी, वर चिडलेला! जोशी ऑफिसला गेलेच नाहीत. प्लंबर बोलावला, बाथरूमची फरशी उखडली.

पाइप खरंच गळत होता.

जोशींनी काकांना पेढे दिले.

*

मग दादाने स्क्रिप्ट बदलली. "काका, दुसऱ्या अंकात खूप बोलायचंय, तुम्हाला झेपणार नाही. पहिल्या अंकात नेहा तुम्हाला चहातून विष देते. दुसऱ्या अंकात मी इन्स्पेक्टर येतो. तपास."

"नाही," काका म्हणाले.

"काका, स्क्रिप्टचा साइन-ऑफ झालाय, आता बदल नाही!"

त्यानंतर काका तालमीत मरायला रोज जास्त वेळ घ्यायला लागले. सोमवारी चार मिनिटं. बुधवारी उठून पाणी पिऊन आले, मग परत मरायला लागले. शुक्रवारी दादा ओरडला, "अहो काका, मरा ना!"

"विचार करतोय," काका म्हणाले. मराठीत. हे वाक्य त्यांना कोणी शिकवलं, माहीत नाही. पुरावा नाही.

*

प्रयोग जुरोंग ईस्टच्या एका हॉलमध्ये होता. हाउसफुल्ल. पडद्याची दोरी माझ्या हातात.

पहिला अंक. वहिनीने सगळ्यांसमोर चहात विष घातलं. काकांनी कप संपवला.

काकांनी मिशी पुसली. "छान. अजून आहे?"

वहिनीने मुकाट्याने अजून दिला. तोही प्यायले! मी पडदा पाडला, दुसरं काय करणार?

दुसऱ्या अंकात खुनाचा तपास करायला दादा इन्स्पेक्टर बनून आला. दार खुद्द मयताने उघडलं.

"या, बसा," मयत म्हणाला.

दादाची सगळी वाक्यं खुनाबद्दल होती. तो घामाघूम. "मी... तुमच्या मृत्यूची चौकशी करायला आलोय."

"चहा घ्या," म्हणत काकांनी कप पुढे केला. पहिल्या रांगेतून कोणीतरी किंचाळलं, "अहो, घेऊ नका!"

दादाने विंगेत माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. नाटकात खून तर हवाच होता. दादाने चहा प्यायला आणि धाडकन पडला.

काकांनी त्याची टोपी उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवली आणि वहिनीकडे फक्त बघत राहिले. तिने तीन मिनिटांत गुन्हा कबूल केला.

हॉल उभा राहिला. सगळे नट रांगेत आले, मधोमध काका. वाकले. टाळ्या थांबेनात. मी पडदा पाडला, उघडला, परत पाडला, परत उघडला. काका दर वेळी वाकलेलेच. मेई आंटी खुर्चीवर चढून शिट्ट्या मारत होती.

दादा मात्र अजून त्यांच्या पायाशी पडलेला. डोळे मिटूनच कुजबुजला, "काका, मी आता उठू का?"

काकांनी चेहऱ्यावरचं हसू जराही हलू दिलं नाही. वाकता वाकता हळूच म्हणाले, "छातीने श्वास घे. पोट हलतंय."