सरांचा अचूक आकडा

आमच्या सरांचा मला राग येतो. अजूनही येतो, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

नागपूरच्या ऑफिसात आम्ही डिस्कचा ड्रायव्हर सांभाळायचो. प्रोग्रामला फाइल वाचायची-लिहायची असली की त्याची मागणी डिस्कपर्यंत नेणारा हा कोड. गर्दी वाढली की तो अडखळतो, अशी ग्राहकाची तक्रार होती. शुक्रवारपर्यंत सुधारला नाही तर काम पुण्याच्या टीमकडे जाणार होतं, आणि कामासोबत मीही. आई इथेच, नागपूरच्या महाल भागातल्या घरी. पक्षाघातानं तिचा उजवा हात गेलेला, तिची वेणीसुद्धा मीच घालते. दिवसा शेजारच्या काकू बघायच्या. पुण्यात तिला कोण बघणार होतं?

तीन दिवस मोजमाप केल्यावर चोर सापडला. प्रत्येक मागणी काम संपवून एकाच लॉकपाशी, म्हणजे एका वेळी एकालाच सोडणाऱ्या दारापाशी, ताटकळत होती. कशासाठी? डिस्कला किती वेळा पुन्हा विचारावं लागलं, हा आकडा नोंदवायला! गिरणीत चक्क्या दहा, पण दळण घेऊन निघताना प्रत्येकानं एकाच वहीत सही करायची, असला प्रकार. आणि वही कोणाची? सरांची. दर सोमवारच्या मीटिंगमध्ये ते त्या आकड्याचा आलेख दाखवायचे.

मी म्हटलं, "सर, प्रत्येक प्रोसेसरला त्याची वेगळी मोजणी देऊ. तुम्ही आकडा मागाल तेव्हाच बेरीज करू. मग कोणी कोणासाठी थांबणार नाही."

"आणि बेरीज चालू असताना एखादा सुटला तर?"

"सुटला तर सुटला. काय बिघडतं?"

"तुले काय समजते? माझ्या रिपोर्टात चूक चालत नाही!" सगळ्यांसमोर. त्यांच्या मंजुरीशिवाय कोड आत जात नसे, आणि मंजुरी ते देईनात. बुधवार गेला. गुरुवारी संध्याकाळी वेणी घालताना माझ्याकडून आईचे केस ओढले गेले.

"काहून वं, माह्या डोक्यावर राग काढून राहिली?" ती म्हणाली. मला रडूच आलं.

शुक्रवारी सकाळी मी धडधडीत खोटं बोलले. "सर, नव्या पद्धतीनं तुमचा आकडा आणखी अचूक येईल." एका मिनिटात मंजुरी! दुपारपर्यंत ग्राहकाचा निरोप आला की अडखळणं थांबलं. सर फोनवर ग्राहकाला म्हणाले, "आम्ही बरेच दिवस यावर लक्ष ठेवून होतो." आम्ही म्हणे! पण काम नागपुरात राहिलं होतं.

दोन महिन्यांनी दुसरंच काही शोधताना माझा तो कोड उघडला आणि मी गारच पडले. घाईत बेरजेची ओळच मी लिहिली नव्हती. इतके दिवस सरांचा आकडा शून्य येत होता. दर सोमवारी शून्य. सर ती सपाट रेघ दाखवून "बघा, एकदाही पुन्हा विचारावं लागलं नाही" म्हणायचे आणि वरचे साहेब टाळ्या वाजवायचे. एकदा तर मीही वाजवल्या होत्या.

ती ओळ मी अजून लिहिलेली नाही. त्या संध्याकाळी आईनं विचारलं, "काहून हसून राहिली वं?"

मी हसत नव्हते, दातओठ खात होते. ज्या आकड्याकडे कोणी धड बघतसुद्धा नव्हतं, त्याच्यापायी तुझं अंथरूण पुण्याला हलवायची वेळ आली होती, हे तिला कोणत्या तोंडानं सांगू?