मान वळली पाहिजे

आमच्या नाटक कंपनीत पाऊस, वारा, वीज, घोडा आणि खाष्ट सासू हे सगळं एकच माणूस वाजवायचा. सासू म्हणजे तिच्या काठीची टकटक. विंगेत टांगलेला पत्रा हलवून तो असा गडगडाट करायचा, की पुढच्या रांगेतली माणसं दचकून छताकडे बघायची. म्हणून तो ढगमामा. वयाने माझ्याहून चारच वर्षांनी मोठा, पण सगळ्या कंपनीचा मामा तो माझाही मामा.

मामांची एक परीक्षा असायची. नवा आवाज तयार झाला, की तालमीत ते मला, म्हणजे कंपनीतल्या कायमच्या राणीला, पाठमोरी उभी करायचे. "वळायचं नाही हं, राणीसाहेब," असं आधीच बजावायचे आणि मागे पावलं वाजवायचे. मी हट्टाने समोर बघत राहायची. तरी मान आपोआप वळली, तर आवाज पास. नाही वळली, तर मामा दोन दिवस कुणाशी धड बोलायचे नाहीत.

आता मामा ऐंशीला टेकलेत. मामींना जाऊन दोन वर्षं झाली. उजवा कान तर केव्हाच गेला. डाव्या कानाबद्दल डॉक्टरांनी सांगितलंय, की फार तर वर्ष काढेल, पुढे यंत्र. यंत्र लावून बघितलं, तर मामा म्हणाले, "यातून सगळं जग पत्र्याचं वाजतं. आणि पत्रा मी आयुष्यभर वाजवलाय, मला फसवू नका."

त्यांना कान शाबूत असेतो एकच आवाज करायचा होता. मामींच्या पावलांचा. मामी इस्पितळाच्या धुलाईखात्यात होत्या. संध्याकाळी तीन जिने चढून यायच्या. ज्या माणसाने शंभर नाटकांना पावलं पुरवली, त्याला स्वतःच्या बायकोची पावलं जमत नव्हती. दोन वर्षं ते खटपट करत होते.

मी दोन गल्ल्या सोडून राहते. रोज दुपारी चारला जाते. त्यांची सून कचेरीतून येईपर्यंत आम्ही दोघं टीव्हीवर तिनेच लावून दिलेली कोरियन भुतांची मालिका बघतो. त्यात मेलेल्या माणसांना आपण मेलोय हे ठाऊकच नसतं. ती रोज कामावरून घरी येतात, आणि घरातली जिवंत माणसं किंचाळत सुटतात. पडद्याखालची अक्षरं मामांना झरझर वाचता येत नाहीत, म्हणून ती मी मोठ्याने वाचते. नुसतं वाचणं मला कसं जमणार? भुताला एक आवाज, पोलिसाला दुसरा, घरमालकिणीला तिसरा. शेजारीण परवा विचारत होती, की तुमच्याकडे इतकी कसली भांडणं चालतात.

मालिकेबद्दल मामांचं मत पहिल्या भागापासून ठरलेलं. "केस छान आहेत. डोळे छान आहेत. पण भूत चालतं कुठं? नुसतं सरकतं. वजनच नाही. तुझी मान वळली का?"

"मामा, मी समोरच बघतेय. टीव्ही समोर आहे."

"तेच ते! कारणं नको सांगूस."

आठ भाग हे असंच चाललं. जिथे किंकाळी, तिथे मामांची जांभई. सून एकदा म्हणाली, "बाबा, आवडत नाही तर बंद करू का?" तर मामा उखडले. "आवडत नाही असं कोण म्हणालं? मी चुका काढतोय. ते वेगळं."

नवव्या भागात एक आई आली. कारखान्यातली बाई, अपघातात गेलेली. ती जिना चढून आली आणि दाराबाहेर थांबली. बराच वेळ थांबली. तिने बूट काढले, नीट जोडून ठेवले, दोन्ही तळव्यांनी तोंड पुसलं, ओठांवर हसू आणून बघितलं, आणि मग दाराला हात लावला. मला वाचायला काही नव्हतं.

"थांबव," मामा म्हणाले.

मी थांबवलं.

"ही पण थांबायची गं."

"कोण?"

"तुझी मामी. जिना संपला, की दाराबाहेर थांबायची. मी आतून ओरडायचो, 'अगं, ये की आत, बाहेर काय पूजा मांडलीस का?' मला वाटायचं, किल्ली शोधतेय." ते पडद्याकडे बघत राहिले. "किल्ली तर हातातच असायची. मला जिन्यापासून ऐकू यायची ना."

मामी आत यायच्या त्या हसत यायच्या, एवढं मलाही आठवत होतं. दिवसभर उकळत्या पाण्यातल्या चादरी ओढून कुणी तसं हसत घरी येत नाही.

"ती ट्रंक ओढ," मामा म्हणाले.

ट्रंकेत त्यांचा सगळा संसार होता: फळी, वाळूची पुरचुंडी, किल्ल्यांचा जुडगा आणि रबरी तळव्यांचे दोन बूट. मामी उजव्या पायावर जरा जास्त भार द्यायच्या, म्हणून उजव्या बुटात मामांनी आधीच वाळू भरून ठेवली होती. त्यांनी फळी मांडीवर घेतली, जुडगा मनगटाला अडकवला आणि दोन्ही हात बुटांत घातले.

"पाठ फिरव. वळायचं नाही हं, राणीसाहेब."

मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. गुडघे कुरकुरत होते, पण रंगभूमीवर उभं राहायचं ते ताठ.

पावलं निघाली. पहिला जिना सरळ. दुसऱ्यावर चाल मंदावली. एक हलकं, एक जड, एक हलकं, एक जड. मधूनच किल्ल्यांची किणकिण. सुंदर होतं, पण खोटं कशाला सांगू, मान वळली नाही. अशीच पावलं मी गेल्या दोन वर्षांत वीसएक वेळा ऐकली होती, आणि दर वेळी मामांनी शेवटच्या पायरीला लागूनच किल्ली वाजवून मामींना घरात घेतलं होतं.

या वेळी तिसरा जिना संपला आणि सगळं थांबलं. बूट नाही, किल्ली नाही. खाली रस्त्यावर कुणीतरी मोटार मागे घेत होतं, तेवढाच आवाज. मी वाट बघत होते. माझ्या ओठांवर आलं होतं, "या ना मामी, थांबलात का?" आणि माझी मान वळलेली होती. मामांकडे नव्हे. दाराकडे.

दार बंद होतं. मामा हातांत बूट घालून तिकडेच बघत होते. चांगला कान त्यांनी दाराकडे केला होता.

"वळली," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. मी पास केल्याचा आनंद वगैरे काही दिसला नाही.

मग मीच म्हटलं, "मामा, किल्ली वाजवायची राहिली."

"राहू दे," ते म्हणाले. "ओरडू नकोस तिच्यावर. येईल. जरा दम खाऊ दे."