रिकाम्या खुर्च्या

आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात यंदा नवा हॉल झाला. पंखे आले, स्टीलच्या खुर्च्यांची रांग आली. तरी बायका आपल्या फरशीवरच, भिंतीला टेकून, तापलेली पोरं मांडीवर घेऊन बसलेल्या. मी सवयीने खुर्चीत बसले आणि खालच्या म्हातारीला म्हटलं, "आजी, वर बसा ना. तुमच्यासाठीच आहेत या."

"ऱ्हाऊ दे बाई. बसलं की उठवत्यात."

"कोण उठवतं?"

"कुणीबी."

खुर्च्या आणायला निधी मिळाला. पण इतकी वर्षं यांना जिथून तिथून उठवलं, ते कशातून भरून काढायचं?

माझा नंबर येईपर्यंत मी खुर्चीतच होते. मला कुणी ऊठ म्हटलं नाही. आजवर कधीच म्हटलेलं नाही.