ज्याला लागलं त्यानं सांगायचं

अक्का माणसं डोक्याला हात लावून मोजायच्या. नुसत्या नजरेवर त्यांचा विश्वास नव्हता. सोलापूर स्टेशनच्या फलाटावर आम्हा बारा मुलींना ओळीत उभं करायचं आणि एकेकीच्या डोक्यावर तळवा टेकवत तेलुगूत पुढे सरकायचं: ओकटि, रेंडु, मूडु... शेवटच्या डोक्यावर ‘पन्नेंडु’ आलं, म्हणजे बारा भरल्या, की मगच गाडीत चढायची परवानगी.

मी चौथी उभी असायची आणि त्यांचा हात जवळ आला की पटकन खाली वाकायची. खो-खोत पळणारी मुलगी मी. अंगाला हात लागू न देणं हाच माझा धंदा. मग अक्कांच्या अकराच भरायच्या. त्या न रागावता पुन्हा पहिल्या डोक्यापासून सुरू करायच्या आणि माझ्यापाशी आल्या की म्हणायच्या, “पिल्ला, एक दिवस तुला हितंच ठेवून जातंय बघ मी.” पिल्ला म्हणजे तेलुगूत पोरगी. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि स्वतःला फार विनोदी समजत होते. आज माझी नात असलं काही करते तेव्हा तिचा कान पिळावासा वाटतो.

अक्का आमच्या मागच्या बोळात राहायच्या. एका मागवाल्याकडे कांड्या भरायच्या, म्हणजे चादरीच्या विणकामासाठी सूत गुंडाळून द्यायच्या. खो-खोशी त्यांचा संबंध एवढाच, की त्यांच्याशिवाय आम्हाला कुणी घराबाहेर सोडत नव्हतं. बहात्तरचा दुष्काळ सरून एखाद-दोन वर्षं झाली होती. आमच्या पेठेतल्या मुलींचं खो-खो मंडळ शनिवार-रविवारी गावोगावच्या स्पर्धांना जाऊ लागलं होतं. मुली अर्ध्या चड्डीवर खेळणार, परगावी मुक्काम करणार, घरोघरी कुरबुर. शेवटी सगळ्या आयांनी मिळून ठरवलं, की एक थोरली बाई सोबत गेली पाहिजे. अक्का मालकाकडून शनिवारचा खाडा मागून घ्यायच्या आणि एका पिशवीत कडक भाकरी, दुसरीत शेंगाचटणी घेऊन निघायच्या.

पहिला सामना बघताना त्यांनी मला विचारलं होतं, “या पोरी एक हिकडं तोंड, एक तिकडं तोंड करून का बसल्यात? भांडण झालंय का?”

“तसंच बसायचं असतं, अक्का. पाठीमागून खो मिळाला की उठून पळायचं.”

“म्हणजे पाठीत मारल्याशिवाय उठायचं न्हाई. आमच्या घरच्यासारखंच की.”

वर्षभरात मात्र त्यांना खेळ आमच्यापेक्षा जास्त दिसू लागला. कुणाचा पाय मुरगळलाय, कोण उगीच दमल्याचं सोंग करतंय, हे त्या रेषेबाहेर बसून ओळखायच्या. ओळखल्याचं सांगायच्या मात्र नाहीत. कशावरही त्यांचं एकच वाक्य असायचं: “आपलं आपल्याला ठाऊक असतंय की.” चप्पल चावते का, डब्यातला गूळ कुणी खाल्ला, भाजीत मीठ जास्त झालंय का, सगळ्यावर हेच. त्यामुळे गूळ खाल्लेल्या मुलीला, म्हणजे मला, कळायचंच नाही की त्या मला बोलताहेत की भाजीला.

रविवारी संध्याकाळी त्या प्रत्येकीला तिच्या दारापर्यंत पोचवायच्या. आमच्या दारात आबा उभे असायचे. आबा, म्हणजे माझे वडील, शाळेत शिक्षक. “आणलं बघा, मास्तर. पोरगी सरळ हाय,” एवढं बोलून अक्का वळायच्या. त्या तीन शब्दांवर माझी पुढची स्पर्धा टांगलेली असायची.

तर कुर्डुवाडीची स्पर्धा. शनिवारचा सामना आम्ही जिंकलो. रविवारी सकाळी मंगळवेढ्याच्या मुलींशी उपांत्य सामना आणि दुपारी अंतिम. आमच्या मंडळानं तोपर्यंत अंतिम सामने पुष्कळ पाहिले होते, पण सगळे प्रेक्षकांत बसून.

सकाळी आठ वाजता दोन्ही संघ तयार. पंचांचा पत्ता नाही. दोघेही पंच आदल्या संध्याकाळी एकाच लग्नाला गेले होते. निरोप आला, दुपारपर्यंत पोचतो. आता सकाळचा सामना झाला नाही तर दुपारचा कुणाशी होणार? कुर्डुवाडीच्या माणसाला पंच करावं, तर मंगळवेढ्याच्या बाईंना ते नको; त्यांच्या माणसाला करावं, तर आम्हाला नको. अर्धा तास नुसती बाचाबाची.

अक्का लिंबाखाली बसून ऐकत होत्या. त्यांनी आमच्या कॅप्टनला हाक मारली. कॅप्टन एका कचेरीत टायपिस्ट होती आणि बोलायचीही टायपिंग केल्यासारखी, खडाखडा.

“पंच काय करतंय गं?”

“कोण बाद झालं ते सांगतात, अक्का. कुणाला हात लागला ते.”

“लागतंय पोरीला, आणि सांगतंय पंच? पोरीला कळत न्हाई का?”

 अक्का उठल्या, लुगडं झटकलं. “ज्याला लागलं त्यानं सांगायचं. हात वर करायचं, बाहेर जायचं. आणखी काय?”

मंगळवेढ्याच्या बाई म्हणाल्या, “आन् न्हाई केला वर, तर वो?”

“माझ्या पोरी करतात,” अक्का म्हणाल्या. हे बोलताना त्यांनी आमच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. इतका कुणावर भरवसा टाकू नये.

सामना सुरू झाला. कुर्डुवाडीच्या एका शिक्षकांनी घड्याळ आणि शिट्टी सांभाळली. पहिली मंगळवेढ्याची मुलगी हात वर करून बाहेर गेली तेव्हा लोक हसले. दुसरी गेली तेव्हा टाळ्या पडल्या. मग दोन्हीकडच्या मुली असे हात वर करायला लागल्या की जणू वर्गात उत्तर येतंय. एवढा न भांडता झालेला सामना मी पुन्हा पाहिला नाही.

शेवटचा डाव. आम्ही पळतोय, त्या पाठलाग करताहेत, आणि आम्ही एका गुणानं पुढे. मैदानात मी होते.

आता माझ्या वेणीबद्दल सांगायला हवं. कमरेपर्यंतची, तेलानं चमकणारी. बाकीच्या मुली खेळताना केस गुंडाळून बांधायच्या. मी वेणी मोकळी सोडायची. लोक ती उडताना बघायलाच येतात, अशी माझी समजूत होती. कॅप्टन ओरडून थकली होती.

मंगळवेढ्याची लांब हातांची एक मुलगी माझ्यामागे होती. मी खुंटाला वळसा घातला, आणि वेणीच्या टोकाला एक हलकीशी ओढ बसली. कुणाला दिसली नाही. मला कळली. मी पळत राहिले. मोजून चार श्वास, आणि शिट्टी.

आम्ही जिंकलो. मला उचलून नाचवलं. वरून मला अक्का दिसत होत्या. त्या पिशवीतून भाकरी काढत होत्या.

जेवताना त्यांनी माझ्या पानात चटणी वाढली. “भूक लागलंय का, पिल्ला?” आणि मी काही बोलायच्या आत, “आपलं आपल्याला ठाऊक असतंय की.” मी घास परत पानात ठेवला. त्यांना दिसलं होतं, की हे नेहमीचंच? त्यांच्या चेहऱ्यावर भाकरीशिवाय काही नव्हतं.

मी हात धुवायला नळावर गेले. तिथे ती लांब हातांची मुलगी ओंजळीत माती घेऊन बोटं चोळत होती.

“किती त्याल लावतीस गं,” ती म्हणाली. “जाता जाईना.”

माझे कान तापले. “मग तू बोलली का नाहीस?”

तिनं मान वर केली. चेष्टा नव्हती तिच्या डोळ्यांत, नवल होतं. “मी कशाला बोलू? ज्याला लागलं त्यानं सांगायचं, असं ठरलंतं की. मला कुटं लागलंय?”

तिथून लिंबापर्यंत पन्नास पावलं असतील. एवढं हळू मी आयुष्यात कधी चालले नव्हते. अक्कांपुढे उभी राहून म्हटलं, “अक्का, मला लागलं होतं. शेवटी. वेणीला.”

“मला काय सांगतो? मी काय तुझ्यामागं पळतंय का?” त्यांच्या मराठीत सगळ्या मुली मुलगेच होत्या. “तिकडं सांग. सगळ्यांपुढं.”

मी सांगितलं. कॅप्टन आधी पांढरी पडली, मग लाल झाली. मग तिच्यातली कचेरी जागी झाली. “वेणी म्हणजे अंग नव्हे. नियमात अंगाला स्पर्श म्हटलंय. उद्या रिबिनीला हात लागला तर बाद म्हणाल.”

दोन्ही संघ पुन्हा वादाला बसले. वेणी अंगात धरावी की कपड्यात? अक्कांनी मला जवळ बोलावलं, वेणी हातात घेतली आणि दणकन ओढली.

“आई गं!”

“दुखतंय. अंगच की,” अक्का म्हणाल्या. निकाल लागला.

गुण बरोबरीत आले. जादा डाव खेळायचं ठरलं. या वेळी वेणी गुंडाळून मी मैदानात उतरले आणि सगळ्यांत आधी बाद झाले. त्याच मुलीनं पाठीवर चांगली पाच बोटं उमटवली. आम्ही हरलो. तेवढ्यात लग्नाचे फेटे बांधलेले दोन्ही पंच पोचले आणि विचारू लागले, या सामन्याला पंच कोण होतं? चोवीस मुलींनी अक्कांकडे बोट दाखवलं. अक्कांनी निकालाच्या कागदावर गोल गोल तेलुगू अक्षरांत नाव लिहिलं. पंचांना ते वाचता आलं नाही, पण खोडताही येईना.

अंतिम सामना आम्ही पुन्हा प्रेक्षकांत बसून पाहिला. परतीच्या गाडीत माझ्याशी कुणी बोललं नाही. अक्का माझ्याशेजारी बसून माढ्यापासून मोहोळपर्यंत घोरल्या. मला धास्ती दाराची होती. आता ‘पोरगी सरळ हाय’ असं कशाला म्हणतील? आणि नाही म्हणाल्या, तर माझा खो-खो संपला.

आबा दारात होतेच. “काय, जिंकून आलात का?”

“हरलो, मास्तर,” अक्का म्हणाल्या. “तुमच्या पोरीनं हरवलं.”

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी उंबऱ्याकडे.

“पुढच्या येळंला पण पाठवा,” अक्का म्हणाल्या, आणि बोळात वळल्या.

पुढच्या वर्षी त्या लेकीच्या बाळंतपणाला भिवंडीला गेल्या आणि तिकडच्याच झाल्या. नातू झाल्याचं कुणाकडून तरी कळलं. त्या गेल्याचं कळलं तेव्हा मी दोन लेकरांची आई होते. आमच्यासोबत कॅप्टनची मावशी येऊ लागली. ती सामना सुरू झाला की विणकाम काढायची.

मावशीबरोबरच्या पहिल्याच स्पर्धेत पंच होते, शिट्टी होती, सगळं रीतसर. पळताना एकीचं बोट माझ्या कोपराला लागलं. पंच खुंटापलीकडे होते. त्यांना दिसलं नाही. माझा हात वर गेला. वर गेल्यावर मी रेषेबाहेर पाहिलं. मावशी मान खाली घालून टाके मोजत होती. अक्का तिथे नाहीत, भिवंडीत आहेत, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. पण तोवर हात पुरता वर गेला होता आणि सगळं मैदान माझ्याकडे बघत होतं.